तबकडीतली मोकळी जागा

१

शनिवारी दुपारी ब्रिसा कांतेरो आठ-दहा परक्या माणसांना मागे घेऊन एका मेलेल्या गवयाच्या जागा दाखवत हिंडायची. काम तिचं नव्हतं, आजोबांचं, म्हणजे तिच्या नोनोचं होतं. ऑगस्टच्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्याच्या थंडीत नोनोचा आवाज बसला तो बसलाच. कायद्याचं शिक्षण तिसऱ्या वर्षात लाथाडून घरी लोळणारी नात समोरच होती, म्हणून काम तिच्या गळ्यात पडलं.

रस्ता ठरलेला. आधी अबास्तोतली ती चाळ, जिच्या जिन्यावर सिरिलो बास्तेर्रा पोरवयात गायचा. मग अल्माग्रोतला रुफिनोचा बार, जिथे तो नाव कमावल्यावरही कोपऱ्यातल्या त्याच खुर्चीत येऊन बसायचा. शेवटी चाकारिताच्या दफनभूमीतला त्याचा ब्राँझचा पुतळा. अख्खं शहर त्याला चंडोल म्हणतं. ऐन बहरात मेला. पण म्हातारी माणसं अजून असं बोलतात की जणू तो कोपऱ्यावर सिगारेट आणायला गेलाय, येईलच.

ब्रिसाला हे सगळं ढोंग वाटायचं. "आवाज चांगला होता, कबूल," ती लोकांना सांगायची. "पण एका माणसाच्या टँगोवर तीन पिढ्यांनी रडत बसायचं म्हणजे कामधंदे नाहीत तुम्हाला." लोक हसायचे. त्यांना वाटायचं, हाही कार्यक्रमातलाच भाग.

खरा कार्यक्रम बारमध्ये. चंडोलच्या खुर्चीत कुणी बसायचं नाही. तिच्यासमोर वेर्मूतचा, कडसर वाइनचा, भरलेला ग्लास. मग रुफिनो तबकडी लावायचा. त्या गाण्याची जगात तेवढी एकच तबकडी उरलेली, बाकीच्या साऱ्या कंपनीच्या गोदामाबरोबर जळाल्या. गाणं चालू असताना ब्र काढायचा नाही. आणि शेवटची ओळ यायची: तुझ्या दारी आलो तर दार नव्हतं, भिंत नव्हती, होती ती नुसती... इथे तबकडीवर ओरखडा होता. शब्दाच्या जागी खरखर. तेवढा एक शब्द बारमधल्या सगळ्यांनी मिळून म्हणायचा: सेनिसा. राख.

नोनोनं तो शब्द तीस वर्षं दर शनिवारी म्हटला होता. सगळ्यात मोठ्यानं, डोळे मिटून. ब्रिसानं एकदाही नाही. ती सात वर्षांची असताना म्हाताऱ्यांनी तिला टेबलावर उभं केलं होतं, "म्हण गं, म्हण," म्हणून दंडाला चिमटे काढले होते. तिनं दात आवळले ते आवळलेच.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी भुयारी रेल्वेचा संप होता. एकही माणूस आला नाही. ब्रिसा उन्हातून चालत बारमध्ये आली आणि शेंगदाण्याची बशी पुढ्यात ओढून बसली.

"कोण नाही तर राहू दे की आज," ती म्हणाली.

"तो आहे ना," रुफिनो खुर्चीकडे हनुवटी करत म्हणाला, आणि त्यानं पिन ठेवली.

गाणं संपत आलं. होती ती नुसती... ब्रिसा शेंगदाणा सोलत होती. तिनं म्हटलं नाही. रुफिनो ग्लास पुसत होता. त्यानंही म्हटलं नाही.

"सेनिसा," तबकडी म्हणाली.

शेंगदाणा तिच्या बोटांत तसाच राहिला. शब्द स्वच्छ होता, सुरात होता, पण त्यातल्या दोन्ही 'स'ना बारीक शीळ होती. सोड्याच्या सायफनचं तोंड लागून नोनोचा पुढचा दात तुटला होता. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक 'स'मधून अशीच शीळ निघायची.

२

तिनं घरी येईपर्यंत तीन कारणं शोधून ठेवली होती. एक, रुफिनोनं नोनोचा आवाज कधीतरी भरून घेतलाय आणि टेबलाखाली भोंगा लपवलाय. दोन, ऊन. तीन, लहानपणापासून तोच शब्द ऐकल्यावर कान स्वतःच जागा भरतो, माणूस तुटक अक्षरं पुरी वाचतो तसा. तिसरं कारण तिला सगळ्यात शहाणं वाटलं. म्हणूनच त्यावर विश्वास बसेना.

नोनो स्वयंपाकघरात येर्बाच्या कडू काढ्याचं भांडं घेऊन बसला होता. नळी तोंडात, डोळे खिडकीबाहेर.

आवाज जाण्याआधी या घरात शांतता नावाची गोष्ट नव्हती. पंख्यावरून भांडण, उघड्या फ्रीजवरून भांडण, तिनं सोडलेल्या कॉलेजवरून तर रोज. "तोंड बंद कर, ब्रिसा!" "आधी तू कर, थेरड्या!" आई-बाप असताना आणि ते एकापाठोपाठ एक निघून गेल्यावरही, हेच त्या दोघांचं राम राम होतं. आता ती एकटीच ओरडायची आणि समोरून नळीचा गुडगुड आवाज यायचा. डॉक्टरनं घशात दिवा घालून बघितलं. स्वरतंतू ठणठणीत, म्हणाला. मनाचं काहीतरी असेल. ब्रिसानं त्याला तिथेच दोन शिव्या हासडल्या होत्या. या म्हाताऱ्याला मन असतं तर तिचं लहानपण बरं गेलं असतं. तरी आता तिला जगात एवढंच हवं होतं: त्यानं एकदा 'तोंड बंद कर' म्हणावं.

"आज रुफिनोची तबकडी शेवटचा शब्द म्हणाली," ती म्हणाली. "तुझ्या आवाजात."

नळीचा आवाज थांबला. नोनोनं भांडं टेबलावर ठेवलं, तर ते कलंडलं. हिरवा चोथा पसरला. त्यानं तिच्याकडे बोट केलं, मग दाराकडे, आणि जोरजोरात मान हलवली. जाऊ नकोस. मग टेबलावर मूठ आपटली. परत आपटली.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

त्यानं तोंड फिरवलं. ही सगळी पिढीच अशी, तिला वाटलं. जे सांगायला हवं ते कधी सांगायचं नाही, आणि नको ते रोज सांगायचं.

खोलीत जाऊन तिनं फोनवर गाणं लावलं. ते याच तबकडीवरून फार मागे कुणीतरी उतरवून ठेवलेलं. शेवटी खरखर. शब्द नाही. म्हणजे कान शाबूत होते. म्हणजे तीन नंबरचं कारण गेलं. तिनं गाणं परत लावलं, आणि आता तिला आणखी एक गोष्ट खटकली. दुसऱ्या कडव्यात, चंडोलच्या आवाजाखाली, अस्तरासारखा एक पातळ आवाज होता. बाईचा. आजवर तिला वाटायचं, ते व्हायोलिन आहे.

३

चाकारिताला रविवारी दुपारी माणसं कमी आणि मांजरं जास्त. पुतळ्याशी डेल्फिना होती. ती नेहमीच असायची. पांढऱ्या आंबाड्याची ही बाई येणाऱ्यांकडून सिगारेट घ्यायची, पेटवायची, आणि पायरीवर चढून चंडोलच्या ब्राँझच्या दोन बोटांत खोवायची. माणसं नवस बोलत. डेल्फिना मुकी. जन्मापासून असणार, असं ब्रिसा धरून चालली होती. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही.

"डेल्फिना, माझ्या नोनोला काय झालंय?"

डेल्फिनानं तिला आपादमस्तक न्याहाळलं. मग पुतळ्याकडे बघितलं, कुणाची परवानगी घ्यावी तसं.

"त्याच्याकडे काय बघतेस? माझ्याकडे बघ. तो धातूचा आहे."

म्हातारीच्या चेहऱ्यावर हसू आलं, पण चांगलं नाही. तिनं तोंड उघडलं, खूप मोठं, आत दाखवण्यासाठी. जीभ होती, दात होते. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, छाती भरली, ओठांनी एक पूर्ण ओळ घेतली, ताना-हरकतींसकट. आवाज शून्य. पण तो आकार ब्रिसाला ओळखू आला. ते दुसरं कडवं होतं.

आणि तेव्हा तिला बारच्या भिंतीवरचा फोटो आठवला, ज्याच्याकडे पाठ करून ती लोकांना माहिती सांगायची. मायक्रोफोनसमोर उभी एक जाड वेणीची तरुण पोरगी. खाली नाव नव्हतं. नाक हेच होतं.

"तू गायचीस."

डेल्फिनानं खांदे उडवले. मग सिगारेट पेटवली, पायरी चढली, बोटांत खोवली आणि बाजूला सरकली.

वारा अजिबात नव्हता. सरूची झाडं चित्रासारखी उभी होती. ब्रिसा सिगारेटचं टोक बघत राहिली. ते विझत आल्यासारखं राखाडी झालं. मग लाल झालं, चांगलं तेजदार लाल, क्षणभर. मग परत राखाडी. थोडा वेळ काही नाही. मग परत लाल.

कागदात कुठे फटाक्याची दारू जास्त असेल, तिनं स्वतःला सांगितलं. स्वस्त सिगारेटी असतात तशा. पण टोक लाल व्हायला लागलं की तिचा स्वतःचा श्वास आत ओढला जात होता, आणि राखाडी झालं की सुटत होता. हे ध्यानात आल्यावर ती तिथून निघाली. पळाली नाही. पळाली असं ती कुणालाच म्हणू देणार नव्हती.

४

सोमवारी जेवणानंतर अल्माग्रो झोपलेलं असतं. रुफिनोच्या बारचं लोखंडी शटर कमरेपर्यंत ओढलेलं होतं. ब्रिसा वाकून आत शिरली. उन्हातून आल्यामुळे आधी नुसता आरसा दिसला, बाटल्यांमागचा, काळा पडलेला. मग काउंटरमागे रुफिनो.

"भोंगा कुठे लपवलायस?"

"ये. बस. काय घेणार?"

"तुझं टाळकं घेणार. भोंगा कुठे आहे?"

तिनं टेबलाखाली बघितलं, यंत्राच्या पेटीत हात घातला, भिंत ठोकून बघितली. रुफिनो ग्लास पुसत उभा. तो सत्तरीचा होता, आवाज मात्र पोऱ्यासारखा खणखणीत.

"झालं समाधान? आता ऐक. माझ्या बापानं ही तबकडी विकत घेतली ना, तेव्हा तिच्यात अर्धंसुद्धा गाणं नव्हतं. चार शब्द, मग खरखर. परत चार शब्द. गिऱ्हाइकं आपापल्या आठवणीनं मधलं भरायची, मजा म्हणून. मग हळूहळू भरत गेलं."

"भरत गेलं म्हणजे?"

"मी लहान होतो, तेव्हा दुसऱ्या कडव्यात डेल्फिना नव्हती."

ग्लासावर फडकं फिरल्याचा चीं चीं आवाज. ब्रिसाला बसावंसं वाटलं, पण जवळची खुर्ची कोणती हे बघून ती उभीच राहिली.

"आणि तुम्ही सगळे बघत बसलात."

"आम्ही? त्यांनी आपल्या तोंडानं दिलं. तुझ्या नोनोला मी दोन वेळा सांगितलं, एवारिस्तो, आता बास. म्हणाला, घरी माझं ऐकतं कोण? पोरगी कानात फोनची बोंडं खुपसून बसते. इथे निदान मी ऐकला जाईन. खोटं सांगतोय का मी?"

ब्रिसानं खिशातली ती बोंडं आणखी आत ढकलली.

"आणि तुझा आवाज रे? तो बरा शाबूत राहिला?"

"मी कधी म्हणतच नाही," रुफिनो म्हणाला. त्याला लाज वाटली असावी, पण फार नाही. "मी फक्त पिन ठेवतो. तू आणि मी, दोघंच शहाणे इथे."

"मला तुझ्यात मोजू नकोस, मेल्या. फोडून टाकते ही तबकडी."

"फोड. पण आधी डेल्फिनाला विचार. तुझ्या म्हाताऱ्याला विचार. ती माणसं आत आहेत."

तिनं तबकडी उचलली होती. ती दोन्ही हातांत गरम लागली. शटरमधून ऊन येत होतं, त्यानं असेल. तिनं ती परत यंत्रावर ठेवली, हळू, झोपलेल्या पोराला ठेवावं तशी.

"त्याचा परत कसा मिळेल?"

"जागा एकाची असते. बसला की बसला. उठवायचा तर त्याच शब्दावर दुसऱ्या कुणीतरी त्याच्या आधी..." रुफिनो थांबला. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि मग पटकन ग्लासाकडे. "जाऊ दे. तू कुठे गातेस."

हे सगळं थोतांड आहे, ब्रिसानं ठरवलं. एका डोकं फिरलेल्या म्हाताऱ्याची बडबड. थोतांड आहे तर म्हणून बघायला काय जातंय? आणि थोतांड नसेल तर? तिथे तिचा विचार पुढे जाईना. तिनं रुफिनोला कोपरानं ढकललं आणि पिन स्वतः ठेवली.

खरखर. बँडोनिऑनच्या भात्याचा उसासा. मग चंडोल. त्या रिकाम्या बारमध्ये तो फारच छान गायला, कधी नव्हे इतका, आणि त्या छान असण्याची तिला शिसारी आली. आता तिला शिवणी दिसत होत्या. पहिल्या ओळीत कुणा जाड्या माणसाचा धापेचा श्वास. पुढे एक पोरसवदा, फुटायला आलेला गळा. दुसऱ्या कडव्यात अस्तरासारखी डेल्फिना. एका आवाजाच्या अंगावर किती माणसांची कातडी.

बाहेर शटर खणखणलं. कुणीतरी दोन्ही मुठींनी बडवत होतं. मग शटरखालून घरातल्या सपाता दिसल्या, चेक्सची विजार दिसली. नोनो गुडघ्यांवर आत रांगत येत होता.

तुझ्या दारी आलो तर दार नव्हतं, भिंत नव्हती...

ब्रिसानं आरशात बघितलं. काळ्या काचेत कोपरा दिसत होता, ग्लास दिसत होता, खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर टोपीची एक कड होती. कड हळूच वळली. कुणीतरी कान द्यावा, तशी.

होती ती नुसती...

"सेनिसा!" ती ओरडली. तालाच्या आधी, तबकडीतल्या नोनोच्या आधी, दार अंगानं ढकलावं तशी.

नोनोचा पंजा तिच्या तोंडावर आदळला. त्याला तंबाखूचा आणि येर्बाचा वास होता. पण शब्द निघून गेला होता.

५

पिन शेवटच्या रेघेत फिरत राहिली. टक, टक. आरशात खुर्ची होती, नुसती खुर्ची. ती टेबलापासून मागे सरकलेली होती, कुणी उठून गेल्यासारखी.

"मूर्ख!" नोनो म्हणाला. "गाढव पोरगी! जन्मभर सांगत आलो तोंड बंद कर, तोंड बंद कर, सगळ्या जगात एक वेळ होती ऐकायची, तेव्हा..."

तो थांबला. त्यानं स्वतःच्या गळ्याला हात लावला. प्रत्येक 'स'ला शीळ होती. 'सगळ्या'ला, 'सांगत'ला. ब्रिसाला इतका आनंद झाला की ती त्याच्या तोंडावर ओरडली: आधी तू कर, थेरड्या!

नोनो तिच्या ओठांकडे बघत राहिला.

ती परत ओरडली. शिव्या दिल्या, चांगल्या निवडून, एकेक. बाटल्या हलल्या नाहीत. रुफिनोनं मान वर केली नाही. नोनोचा हात आता तिच्या गालावर आला होता.

"बोल," तो म्हणाला. "बोल की गं. शिवी दे. ब्रिसा, काहीतरी बोल ना."

रुफिनोनं पिन उचलून शेवटच्या ओळीवर ठेवली. दुष्टपणा नव्हता, सवय होती. चंडोल गायला, मखमलीसारखा, होती ती नुसती, आणि मग एका पोरीचा रागीट, चिरका, घाईत घुसलेला आवाज: सेनिसा. सूर सोडून. ताल सोडून.

"बेसूर," रुफिनो म्हणाला. त्याचा चेहरा आंबट झाला होता. "सगळं गाणं नासवलंस तू."

ब्रिसा हसली. हसताना खांदे हलतात, तेवढे हलले.

शनिवारी आता परत नोनोच लोकांना घेऊन जातो. तो थोडक्यात बोलतो. बारमध्ये शब्द यायच्या आधी तो लोकांना खूण करतो, गप्प राहा म्हणून, आणि जुनी गिऱ्हाइकं तो शब्द ऐकून दात दुखल्यासारखं तोंड करतात. वेर्मूतचा ग्लास मात्र भरलेलाच राहतो. पूर्वी तो दर वेळी रिकामा व्हायचा. रुफिनो पीत असेल, असं ब्रिसा धरून चालली होती.

ती रांगेत शेवटी चालते. तिच्या मागे कुणी नसतं, आणि तरी भर दुपारी, अल्माग्रोच्या पदपथावर, तिच्या मागून ताज्या सिगारेटचा वास येतो. मग कानापाशी कुणीतरी तो एक शब्द गुणगुणतं. अचूक सुरात, सावकाश, मास्तरानं अडाणी पोरीला शिकवावा तसा. थांबतं. वाट बघतं. परत म्हणतं.

ब्रिसा दात आवळते आणि मान हलवते. नाही.